सहाशेची फुंकर

३ मार्च, सोमवार
कारखान्यात नोटीस लागली. पुढच्या सोमवारी रंगखात्यातल्या सगळ्यांच्या फुप्फुसांची तपासणी. मशिनमध्ये जीव खाऊन फुंकायचं, हवा किती आणि किती वेगानं बाहेर पडते ते मोजणार. नापास झाला त्याची स्प्रे गन काढून घेणार आणि पॅकिंगला धाडणार.

पॅकिंगचा सुपरवायझर म्हणजे आमचा साडू. त्याला इथे मीच चिकटवला. आता त्याच्या हाताखाली खोक्यांना टेप लावू? त्यापेक्षा विहीर जवळ केलेली बरी.

अर्थात तशी वेळ येणार नाही. इतकी वर्षं कपाटांना पॉलिश मारतोय, कुठे एक ओघळ दाखवा. छाती म्हणजे लोहाराचा भाता. खोकला आहे, पण तो धुळीचा. मास्क लावत नाही, कारण मास्कनं रंगाचा अंदाज जातो. सिगारेट सोडल्यात जमा. (जेवणानंतरची धरत नाही. चहाबरोबरचीही.)

४ मार्च, मंगळवार. सकाळ
सासरे राहायला आल्यापासून सकाळ नासते. त्यांना जुना दमा. उठले की बेसिनपाशी उभं राहून प्लॅस्टिकच्या एका नळीत फुंकतात. नळीवर आकडे आहेत, फुंकलं की लाल काटा वर सरकतो. मग ती ओली नळी माझ्या दाढीच्या ब्रशशेजारी! तोंडाशी लाळेचा थेंब लोंबत असतो. आज चहा गेला नाही.

बायकोला म्हटलं, ही काय घाण? ती म्हणाली, बाबा निदान नळीत फुंकतात. तुम्ही रोज सकाळी खाकरून बेसिनमध्ये जे काढता ते मी धुते, तेव्हा तोंड उघडू नका.

विषय वाढवला नाही. कुणीतरी मोठेपणा घ्यावा लागतो.

५ मार्च, बुधवार
घरात कोणी नसताना ती नळी गरम पाण्यानं दोनदा धुतली. तरी ओठाला लावताना डोळे मिटून घेतले. सरावापुरतं फुंकलं. अडीचशे. सासऱ्यांचा काटा रोज तीनशेच्या पुढे जातो.

काटा गंजला असणार. प्लॅस्टिकचा आहे, पण कशाचा भरवसा?

पुन्हा फुंकलं. काटा आणखी खाली, वर असा खोकला की शेजारीण खिडकीतून डोकावून गेली.

संकल्प : उद्यापासून सिगारेट बंद. पहाटे धावणे.

६ मार्च, गुरुवार
धावलो. कोपऱ्यावरच्या लाँड्रीपर्यंत. लाँड्रीवाल्यानं खुर्ची दिली, पंखा लावला आणि विचारलं, घरी कुणाला फोन करू का? चोंबडा मेला. दोष बुटांचा. दमलेल्या जिवाला आधार म्हणून एकच ओढली.

७ मार्च, शुक्रवार. संध्याकाळ
शोध लागला! सराव करताना जिभेवर तंबाखूचा कण आला, तो नळीतच थुंकला गेला, आणि काटा थेट सहाशेवर! पुन्हा करून पाहिलं. ओठ आवळायचे, जीभ मागे ओढायची आणि पिचकारी मारल्यासारखं थू! पुन्हा सहाशे. नळी आतून बरबटते, बघवत नाही, पण मोठ्या कामात हात घाण होतातच. दम माझ्यात होताच, पद्धत चुकत होती.

वळलो तर सासरे दारात. त्यांनी नळी धुऊन ठेवायला सांगितली. मग म्हणाले, जावईबापू, ह्या थुंकण्यावरून माझ्या डॉक्टरनं मला एकदा... पुढचं ऐकून घेतलं नाही. वय झालं की माणसाला दुसऱ्याचं यश बघवत नाही.

८ मार्च, शनिवार
साडूला मुद्दाम गाठून सांगितलं : सहाशे. तो म्हणाला, छान, साडूभाऊ, पण खिडकीजवळचं टेबल तुमच्यासाठी पुसून ठेवलंय, असू दे. खवचट.

१० मार्च, सोमवार
तपासणी. मशिनवर कालची पोर. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, भिजलेल्या खोक्याची चव. पूर्ण श्वास घ्या म्हणाली. मी सहाशेवाली मारली. स्क्रीनवर सुळका चढला आणि धप्पकन जमिनीवर. मी शाबासकीची वाट बघत होतो. तिनं कागदाचा रुमाल पुढे केला. म्हणाली, काका, हनुवटी पुसा. ही थुंकी झाली, आता श्वास दाखवा.

मग अख्ख्या रांगेसमोर ओरडायला लागली, सोडा सोडा सोडा, अजून सोडा, थांबू नका! बैल हाकतात असा आवाज. तीनदा फुंकायला लावलं. तिसऱ्यांदा खोकल्यानं नाकावरचा चिमटा उडाला तो तिच्या चहात. तिनं तो चमच्यानं काढला, चहा ओतून दिला आणि पुढच्याला हाक मारली.

मशिन सदोष आहे. वर लेखी कळवणार.

१२ मार्च, बुधवार
कळवलं नाही. गन जमा केली. खिडकीजवळच्या टेबलावर ऊन येतं.

डॉक्टर म्हणाले, श्वासनळ्या आखडल्यात. सिगारेट बंद, आणि रोज सकाळी नळीत फुंकून आकडा बघायचा. बायकोनं कुठली सिगारेट धरायची आणि कुठली नाही ते विचारलं नाही. पाकीटच कचऱ्यात टाकलं.

१३ मार्च, गुरुवार. सकाळ
बेसिनपाशी रांग. आधी सासरे : तीनशे दहा. मग मी, माझ्या नव्या नळीत. त्यांनी शिकवलं तसं ताठ उभं राहून, जीभ खाली दाबून. दोनशे तीस.

माझी नळी त्यांच्या नळीशेजारी ठेवली. त्यांनी आपली उचलून वरच्या फळीवर नेली. म्हणाले, राग मानू नका जावईबापू, तुमची ओघळते. मला मग चहा जात नाही.