समोरच्या बाल्कनीतलं ऊन

४ डिसेंबर
कॉलेज सोडलं ते झकास केलं. मामांच्या खिडक्यांच्या कारखान्यात लागलो आणि आज माझ्याच खोलीला दुहेरी काच बसवली. दोन काचा, मधे कोंडलेला वायू, आतल्या अंगाला दिसणारही नाही इतका पातळ धातूचा थर. खोलीतली ऊब खोलीत राहते, बाहेरची उष्णता आल्या वाटेने परत. मामा म्हणाले, कडक थंडीत मधला वायू आकसतो, काच पोट आत ओढते आणि ऊन एका जागी गोळा करून फेकते; बाहेरून जाळी लाव. जाळीतून ती कशी दिसणार? ती म्हणजे समोरच्या बाल्कनीतली.

७ डिसेंबर, दुपार
माझ्या काचेवरचं ऊन थेट तिच्या बाल्कनीत पडतंय. ती तान्ह्या भाचीला तिथेच निजवते. म्हणजे दोघींना ऊब मी पुरवतोय. उद्या बोलायचंच.

११ डिसेंबर
सर्दीमुळे बोलणं राहिलं. थंडी वाढलीय. उजेडाचा पट्टा आक्रसून तळहाताएवढा झाला, पांढराफटक. तिची प्लास्टिकची बादली एका अंगाने खाली बसलीय. हल्ली माल असलाच मिळतो.

१४ डिसेंबर
तिने मला बघून हात हलवले. दोन्ही! काही बोलतही होती, पण आवाज आत येईल तर ती माझी काच कसली. मीही हात हलवले. मामांनी पुन्हा जाळीचं काढलं. असा भडकलो की जेवलो नाही. प्रेमाला घरचेच आडवे येतात.

१५ डिसेंबर
बाल्कनीच्या लाकडी कठड्यावर काळी रेघ. काल नव्हती. रंगकाम काढलं असावं.

१७ डिसेंबर
ती आली. स्वतः. मला केस विंचरायलाही वेळ मिळाला नाही. हातात भाचीचं दुपटं, मधोमध नाण्याएवढं भोक, कडा काळ्या. भाचीला उचललं आणि मागे दुपट्यातून धूर निघाला, असं म्हणाली. आवाज जराही चढला नाही.
"रोज दोन्ही हातांनी सांगतेय, पडदा ओढा म्हणून. तुम्ही हसताय काय?"
मला अहोजाहो केलं. वळण म्हणतात ते हेच.
मी समजावलं की काच उत्तम आहे, दोष थंडीचा. ती दुपटं माझ्या हातात ठेवून गेली.

१८ डिसेंबर, भर दुपार
मामांनी शिडी लावून बाहेरून अख्ख्या खिडकीवर पुठ्ठा मारला. दिवा लावून लिहितोय. खोली मात्र छान उबदार आहे.