सोनखवलीचा नवा सिनेमा

॥ श्री देव रामेश्वर प्रसन्न ॥

तळाशील, ता. मालवण
२६ ऑक्टोबर २००९

चि. जान्हवीस,
वहिनीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही सगळी इकडे खुशाल. तुझे भाऊ सध्या रापणीच्या जाळ्यामागे आहेत. गेल्या आठवड्यात दर्याने हात आखडता घेतला, काल मात्र बांगडा एवढा दिला की संध्याकाळपर्यंत किनारा चमचमत होता. रियाची शाळा सुरू झाली. अक्षर अजून कुर्ल्या चालल्यासारखंच आहे.

आता मुख्य बातमी. ‘सोनखवली’ नव्याने काढलाय म्हणे, आणि या वेळी चित्रांचा नाही, हाडामासाच्या माणसांचा! टीव्हीवर जाहिरात लागली तशी रिया चुलीपाशी धावत आली, की आत्येचो सिनेमा परत येता. आईंच्या कानावर गेलं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. दारावरून जाईल त्याला थांबवून सांगतात की, आमची जानू परत सिनेमात बोलतली.

तू हसशील, पण आमच्या वाडीत तो कार्टूनचा सिनेमा देवळातल्या कथेसारखा झालाय. होडीवाल्याची पोर, मनगटावर एक सोन्याचं खवलं घेऊन जन्मलेली, समुद्राच्या तळाशी राहायला जाते आणि रोज तिन्हीसांजेला तिची आई किनाऱ्यावरून तिला हाक मारते. पोरं ही गोष्ट खेळतात. खेळताना सोनखवलीचं बोलणं तुझ्याच हेलात म्हणतात, ‘आले गं आई, आले!’ तू कॉलेजात असताना एका उन्हाळ्यात तिला आवाज दिलास आणि इथे एक पिढी त्या आवाजावर वाढली.

आईंनी तर त्या सिनेमातलं एकही चित्र पाहिलेलं नाही. सिनेमा येण्याआधीच काचबिंदूने त्यांची नजर नेली. पण दुपारी कोळंबी सोलायला बसल्या की रिया डिस्क लावते. खोलीत माडांच्या सावल्या हलत असतात, टीव्हीतून तुझा आवाज येत असतो आणि आई मान तिरकी करून ऐकत असतात. त्यांना विचारलं की समुद्राचा तळ कसा दिसतो, तर म्हणतात, जानूच्या आवाजासारखो, निळो.

फोन मात्र तू करतच नाहीस. लाईन खरखरते म्हणतेस, पण समोरच्या सावित्रीचा मुलगा मस्कतहून बोलतो तो शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा ऐकू येतो. मुंबई काय मस्कतच्या पलीकडे गेली? पत्रं लिहितेस हे खरं, पण पत्र आईंना ऐकू येतं ते माझ्या आवाजात. सासूला सुनेचा आवाज किती दिवस गोड लागणार?

उत्तर लवकर धाड. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
प्रेमलता वहिनी


दहिसर, मुंबई
६ नोव्हेंबर २००९

ती. सौ. वहिनीस,
जान्हवीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बांगड्याचं वाचून जीव कासावीस झाला. इथला बांगडा बर्फात झोपून झोपून स्वतःची चव विसरलेला असतो.

सिनेमाबद्दल स्पष्टच लिहिते. नव्या ‘सोनखवली’त सोनखवली मी नाही. एक कोवळी मुलगी आहे, दिसायलाही गोड, आणि ती आपल्याच आवाजात बोलते. त्यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही. चित्राला आवाज उसना लागतो, माणसाला त्याचा स्वतःचा असतो.

एकच विनंती आहे. आयेला तो सिनेमा बघायला नेऊ नका. ती दोन अडीच तास माझी वाट बघत बसेल आणि मी येणार नाही. तिला काहीतरी सांग, थिएटरात फार गार असतं म्हणावं, दमणूक होईल म्हणावं. घरी जुनी डिस्क आहे, तेवढी पुरे.

फोनचं म्हणशील तर इथे मोबाईलची रेंज खरंच येत-जात असते. रागावू नकोस. भाऊला म्हणावं, वारा पडल्याशिवाय आत जाऊ नकोस. रियाला पापा. आयेच्या पायांवर माझ्या वतीने डोकं ठेव.

तुझ्या मायेची सवय झालेली,
जान्हवी


तळाशील
१६ नोव्हेंबर २००९

चि. जान्हवीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र हाती पडलं, पण आम्ही त्याच्या आदल्याच दिवशी सिनेमा बघून आलो होतो. झालं ते सगळं लिहिते. तू शांतपणे वाच.

वाडीतली निम्मी माणसं निघाली. होडीने खाडी उतरलो आणि पलीकडून टेम्पो करून कणकवली गाठली. आईंनी लग्नाला नेसायचं लुगडं नेसलं होतं, केसांत अबोली होती. थिएटरात दिवे गेले तेव्हा मला पाण्याखाली गेल्यासारखंच वाटलं. गार, काळोख, वरून कुठूनतरी निळा उजेड झिरपत होता आणि त्यात सगळ्यांचे चेहरे माशांसारखे तरंगत होते.

मग सोनखवली आली आणि आमची पोरं कुजबुजू लागली. रियाचं म्हणणं की, हिचे डोळे कितके बारीक! चित्रातल्या पोरीचे डोळे कानापर्यंत गेलेले, त्यात अख्खा समुद्र मावायचा. मनगटावरचं खवलं म्हणजे टिकली चिकटवल्यासारखं. मासे अगदी खरे, पण त्यामुळेच हसेनात. चित्रातला बांगडा कसा गालात हसायचा! धाकटी पोरं रुसूनच बसली. तुझे भाऊ तेवढे खूश होते, कारण माशाचे कल्ले पहिल्यांदाच जागच्या जागी होते. पण लगेच शीड उलट्या वाऱ्याला बांधलेलं दिसलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

गंमत सावित्रीची. चित्राच्या सिनेमात ती कधी रडली नव्हती. इथे मात्र आई किनाऱ्यावर उभी राहून हाक मारते, तिच्या पायांखालची ओली वाळू खचते, एवढं दिसलं आणि सावित्रीने पदर डोळ्यांना लावला तो काढलाच नाही. मागून सांगत होती की, चित्रातली बाई रडली तर वाटायचं, काढणाऱ्याने हात फिरवला की गप्प होईल. ही तर आपल्यासारखीच कोणाच्या तरी घरची बाई.

पडद्यावर हाक झाली, आणि ती मुलगी उत्तर देणार तोच आमची सगळी पोरं एका सुरात ओरडली, आले गं आई, आले! तुझ्या हेलात. थिएटरातली माणसं मागे वळून बघू लागली. मला वाटलं आता शिव्या बसणार. पण पुढच्या वेळेला कणकवलीची पोरंही ओरडली. तीही तुझ्याच आवाजावर वाढली होती म्हणायची.

आई मात्र त्या मुलीचं पहिलं वाक्य ऐकल्यापासून अस्वस्थ होत्या. कोणी चुकीच्या नावाने हाक मारल्यावर माणूस बघतो, तशी मान वळवली त्यांनी. हळूच विचारलं की, जानू कधी बोलतली? मी म्हटलं, येईल एवढ्यात. काय करणार होते? थोड्या वेळाने परत विचारलं. मग विचारायच्या थांबल्या, नुसता माझा हात धरून बसल्या.

मध्यंतरानंतर कासवआजी आली. चित्रात ती चष्मा लावलेली, विनोदी. इथे कासव नाहीच! शेवाळलेल्या केसांची, फाटकं शीड पांघरलेली एक म्हातारी. लोकांनी शिट्या मारल्या, मागून कोणी ओरडलं की, आमचा कासव परत द्या. पण म्हातारीने तोंड उघडलं आणि सगळं थिएटर शांत झालं. काय तो आवाज! होडी वाळूवरून ओढताना येतो तसा, खरखरीत, आणि तरी असा की ऐकता ऐकता डोळे मिटावेत. ती सोनखवलीला सांगते की, तळाशी राहायचं असेल तर राहा, पण वर हाक मारणारीचा घसा रोज थोडा थोडा झिजतो.

आईंनी माझा हात सोडला. ताठ बसल्या आणि अगदी स्पष्ट म्हणाल्या, जानू.

मी कानाशी लागून सांगितलं की, नाही हो आई, ही कोणी म्हातारी नटी आहे. तर म्हणाल्या की, जानूच ती. माझ्या चेडवाचो घसो कोणी दुखवल्यान गो?

परतताना त्या होडीत पाण्यात हात घालून बसल्या होत्या. मला आधी वाटलं, वयामुळे भ्रम झाला असेल. मग आठवत गेलं. शिमग्यानंतर तुझा एकही फोन नाही. गणपतीला सुट्टी मिळत नाही असं लिहिलंस. आवाज ऐकवायचा नाही म्हणून तर पत्रं नव्हेत ना, जान्हवी?

आई जेवणावरून उठतात. डिस्क लावू देत नाहीत. खरं काय ते लिही. ओरडणार नाही. ओरडले तरी इथून ऐकू येणार नाही.

काळजीत असलेली,
वहिनी


दहिसर, मुंबई
२५ नोव्हेंबर २००९

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

आधी आयेला सांग की मी आजारी नाही. हे तिला पहिल्यांदा वाचून दाखव, मग पुढचं तू वाच.

गुढीपाडव्याच्या सुमाराला माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं. स्वरतंतूंवर गाठ होती. वाईट निघाली नाही. किती तरी दिवस बोलायला बंदी होती. दूधवाल्याशीसुद्धा पाटीवर लिहून बोलायचे. मग डॉक्टरांनी बोलायला सांगितलं आणि मी तोंड उघडलं, तर खोलीत दुसरीच बाई बोलली. मी मागे वळून पाहिलं, वहिनी. खरंच पाहिलं.

लहान मुलांच्या सिनेमांचं काम गेलं. या आवाजाला परी कोण करणार, ससा कोण करणार? मग ‘सोनखवली’वाल्यांची कासवआजी आली. म्हातारीचं काम करणारी नटी पडद्यावर उत्तम दिसते, पण ती आपली भाषा बोलत नाही, म्हणून तिला मराठी आवाज हवा होता. मी गेले. काचेच्या खोलीत उभी राहिले, समोर ती कोवळी मुलगी तळाशी पोहत होती आणि मी तिला सांगत होते की घरी जा. ती सोनखवली मीच होते, आणि तिला परत पाठवणारीही मीच. त्या दिवशी सगळं पाण्यातून दिसतं तसं दिसत होतं. काम झाल्यावर बाहेर रस्त्यावर आले तरी कानांत बुडबुडे वाजत होते.

घरी का नाही सांगितलं, हे तुला कळलंच असेल. तुम्हा सगळ्यांकडे माझा चेहरा आहे. आयेकडे माझं काय आहे? नजर गेल्यापासून तिच्यासाठी मी म्हणजे माझा आवाज. तोच गेला, तर तिच्यासमोर काय घेऊन उभी राहू? ती माझ्या तोंडावरून हात फिरवेल आणि म्हणेल की, ही कोण? या भीतीने मी नंबर लावायचे आणि कापायचे. एकदा रियाचं हॅलो ऐकलं, तेवढंच घेऊन झोपले.

पण तिने ओळखलं कसं? ज्यांच्याबरोबर मी वर्षानुवर्षं काम केलं ती माणसं फोनवर मला विचारतात की, कोण बोलतंय. तिला विचारून कळव. मला दुसरं काही सुचत नाहीये.

तिला जेवायला घाल. माझी शपथ घाल.

तुझी,
जान्हवी


॥ श्री देव रामेश्वर प्रसन्न ॥

तळाशील
७ डिसेंबर २००९

चि. जान्हवीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवा तुम्ही दोघी बोललात, तेव्हा पत्राची गरज काय, असं तुझे भाऊ विचारतात. पण तुला तिकडून जे दिसलं नाही, ते मी बसून बघत होते. म्हणून लिहिते.

तुझं पत्र मी आईंना पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. तुझी आज्ञा मोडली. त्या ऐकत राहिल्या, मध्येच एकदा भिंतीला हात लावला. मग पेज मागितली आणि ताटातली खारवलेली मिरचीही संपवली. तुझ्या प्रश्नाचं उत्तर विचारलं तर नुसत्या हसल्या.

परवा दुपारी समुद्र झोपल्यासारखा होता. वळचणीच्या सावलीत मांजर पसरलेलं. फोन वाजला, रियाने उचलला, पलीकडून कोणी बोलेना. ती ठेवणारच होती, तर आईंनी हात पुढे केला. फोन कानाला लावला. पलीकडे काहीच नाही. आणि त्या म्हणाल्या की, बोल गो जानू, आयकतंय मी.

आता इथे काय झालं ते ऐक. आईंचा चेहरा असा झाला, जशी होळीच्या वेळची खाडी, वाराच नाही, नुसतं आभाळ आत उतरलेलं. मी नंतर पुन्हा विचारलं, कसं ओळखलंत? तेव्हा सांगितलं की, ती बोलण्याआधी श्वास घेता, खाडीत बुडी मारूच्या आधी पोर घेता ना, तसो. ल्हानपणापासून. काय मागूचा आसला, काय लपवूचा आसला की आधी तो श्वास. थिएटरात म्हातारीच्या तोंडातून शब्द येण्याआधीच त्यांना कळलं होतं.

तुमचं बोलणं चाललं तितका वेळ मी भात ढवळायचा विसरले, तो लागला.

मग तू फोन ठेवलास. आई फोन मांडीवर घेऊन दर्याकडे तोंड करून बसल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, म्हणून मी जवळ जाऊन म्हटलं की, आवाज जाऊदे हो आई, पोर तर धड आहे. तर माझ्यावरच रागावल्या. म्हणाल्या की, खंय गेलो आवाज? माझी आवस, जानूची आजी, मालवणच्या बाजारात मासे विकी. ओरडून ओरडून तिचो घसो अस्सोच झाल्लो. मी तुझ्या रियाएवढी आसताना ती गेली. तिचो चेहरो माका आठवना नाय, पण आवाज मी जल्मभर सोदलंय.

आणि फोनवरून हात फिरवत म्हणाल्या की, आज माझ्या आवशीन माका हाक मारल्यान गो.

फोनवर ‘येते’ म्हणाली आहेस, तर तुझे भाऊ कुडाळ स्टेशनवर येतील. गाडीतून उतरल्याबरोबर बोलायला लाग आणि घरी पोचेपर्यंत थांबू नकोस.

तुझी,
वहिनी