जास्त जिवंत

४ डिसेंबर

चि. धाकट्यास दादाचा आशीर्वाद, वि. वि.

पाच खेळपट्ट्या, त्यांच्या पोटातला निचरा, माती चाळायची लोखंडी चाळणी, भंगारात निघालेल्या रोलरचा नवा दांडा आणि भाच्याची पहिली बॅट. एवढं मी माझ्या हातांनी केलं. तुझ्या संघाच्या ऑफिसला माझं शिक्षण छापायचंय ना, तर हेच छापा. शिकवणारा कोण विचारलं तर माती म्हण.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो, माझ्या मैदानावर तुमचे घरचे सामने होतील तेव्हा खेळपट्टी जिवंत असेल. चेंडू उसळेल, पण दर वेळी तेवढाच. लोक जिला जिवंत म्हणतात ती पिसाळलेली असते. तो धंदा मी करत नाही.

एकच मागणं आहे. ड्राफ्टच्या टेबलावर खेळाडू निवडायला तू बसणार. आपल्या बहिणीचा मुलगा यादीत आहे. ती गेल्यापासून तो माझ्या घरात आणि माझ्या मैदानावर वाढला. मामा म्हणून घेऊ नकोस, डावखुरा सलामीवीर म्हणून घे. फोनवर तू हो हो म्हणतोस आणि विसरतोस, म्हणून कागदावर.

लोभ आहेच, निकाल कळव.
दादा

१९ डिसेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

रागावशील हे धरूनच लिहितोय. ड्राफ्ट झाला. पहिल्या तीन फेऱ्यांत मी तीन उंच वेगवान गोलंदाज घेतले. मालक म्हणाले, सगळी अंडी एकाच टोपलीत. मी म्हटलं, टोपली माझ्या दादाने विणलीय. दादा, हा अख्खा संघ तुझ्या मातीवर बांधलाय.

भाचा राहिला. शेवटच्या फेरीत मी आमची जागा रिकामी सोडली. त्या जागेची किंमत वीस लाख. मालकांना ते हंगामाच्या मध्यात कुणी जखमी झाला तर हवे होते, आणि मामाने भाचा घेतला म्हणून लोकांनी माझ्या तोंडात शेण घातलं असतं. पुढच्याच पाळीला दुसऱ्या संघाने त्याला उचललं. म्हणजे पोरगा लीगमध्ये आलाच की. घी देखा, बडगा नाही, असं समज.

वहिनींना नमस्कार. लोभ आटू देऊ नकोस.
तुझा धाकटा

२ जानेवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद, वि. वि.

म्हण अर्धी लिहिलीस आणि उलटी लावलीस. घी देखा लेकिन बडगा नहीं देखा, अशी आहे ती. अर्थ लावून बघ, तुलाच लागू पडते.

ड्राफ्टच्या रात्री भाचा टीव्हीसमोर बूट घालून बसला होता. का, कुणास ठाऊक. तुझ्या संघाची पाटी पुढे सरकली तेव्हा त्याने बुटाची नाडी सोडली. नंतर दुसऱ्या संघाने नाव घेतलं तेव्हा तुझी वहिनी रडली. तो मात्र मला म्हणाला की बरं झालं, आता तुझ्या खेळपट्टीवर पाहुणा म्हणून येईन.

रिकामी जागा भरणं मला येतं. खड्डा दिसला की माती घालायची. तुम्ही लोक खड्ड्याची किंमत लावता. असो. माती कशी बसलीय ते बघायला ये. ऐट म्हणून सांगत नाही, पण अशी मला पुन्हा जमेल असं वाटत नाही.

माया कमी झालेली नाही, फक्त गप्प आहे.
दादा

६ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

चार सामने हरलो. तीन उंटांवर पैसे उधळले म्हणून माझी टर उडतेय. रविवारी हरलो तर संघ बाहेर, आणि संघाच्याही आधी मी.

समोर भाच्याचा संघ आहे. त्यांची सलामीची जोडी डावखुरी. एका टोकाला, डावखुऱ्याच्या ऑफ स्टंपसमोर, खेळपट्टी थोडी जास्त जिवंत करता येईल? सगळीकडे नको, तेवढ्याच पट्ट्यात. भाच्याची काळजी करू नकोस, तो अकरांत नाही. पाणीच नेतोय.

आमच्या प्रशिक्षकाला विचारलं. तो म्हणाला, पंचांच्या डोळ्याला न दिसता हे करणारा माणूस त्याने आयुष्यात पाहिलेला नाही. मी म्हटलं, मी पाहिलाय.

हात जोडतो.
धाकटा

११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

जास्त जिवंत असं काही नसतं. जिवंत असतं किंवा नसतं. हे तुला दोनदा लिहून दोनदा फाडलं.

मग केलं. दोन हात लांब, एक हात रुंद. गवत बाकीच्याइतकंच कापलं, पण मुळाशी ओल धरून ठेवली आणि तेवढ्यावर जड रोलर नेलाच नाही. लीगचा तपासनीस येऊन गेला. गुडघे टेकून त्याने ओल बघायला मातीत किल्ली खुपसली, ती नेमकी पट्ट्याबाहेर. उत्तम म्हणाला. तुझ्या प्रशिक्षकाला सांग, असा माणूस आहे.

दादा

२ मार्च

ती. मोठ्या मामास कृ. सा. न.

ओळी तिरप्या जातील, सांभाळून घे. मान कितपत वळवायची ते अजून कळत नाही. मामींनी हा कागद धरलाय आणि मी लिहितोय.

उजवा डोळा गेला. काल डॉक्टरांनी सरळ सांगितलं. डावखुऱ्याचा तोच चेंडूकडचा. तू रोज दवाखान्यातल्या बाकावर येऊन बसतोस आणि बोलत नाहीस, म्हणून पत्र. तू कागदावर बोलतोस, हे मला माहीत आहे.

त्या रविवारी सामन्याआधीच्या सरावात आमच्या सलामीवीराचा पाय मुरगळला आणि कर्णधाराने मला पॅड बांधायला सांगितलं. मला इतका आनंद झाला, मामा. मी त्याला म्हटलं, ही माझ्या मामाची खेळपट्टी आहे, हिच्यावर डोळे मिटून पुढे यावं. तो चेंडू गुडघ्याच्या वर यायचा नव्हता. मी पुढे आलो आणि तो हेल्मेटच्या जाळीच्या फटीतून आत आला.

धाकटे मामा म्हणतात माझी पावलं चुकली. चुकली असतील. तुझी माती खोटं बोलत नाही, म्हणजे मीच चुकलो. कुठे, तेवढं सांग. एका डोळ्याने खेळायचं तर ते आधी दुरुस्त करावं लागेल.

तुझा, अजून डावखुराच

९ मार्च

धाकट्यास,

त्याला सांगितलं. बाकावर बसून, तोंडाने. कागद घेतला नाही. पट्टा किती लांब, किती रुंद, ओल कशी धरली, सगळं. तुझं पत्र आलं होतं हे शेवटी सांगितलं, कारण पत्राने माती ओली होत नाही. ती मी केली.

त्याने विचारलं, म्हणजे पाय बरोबर पडला होता? मी म्हटलं, अगदी बरोबर. त्यावर त्याने तोंड भिंतीकडे केलं. तेव्हापासून तो माझ्या हातचं पाणी घेत नाही. तुझ्या वहिनीच्या हातचं घेतो.

लीगच्या चौकशीतही हेच सांगितलं. आधी माझं नाव, मग तुझं. तुझी नोकरी जाईल. माझी मी सोडली. चाळणी नव्या माणसाला दिली, दांडा रोलरलाच राहू दिला. पोराची पहिली बॅट तेवढी घरी आणली. ती कुठे ठेवावी कळत नाही.

पावलं चुकली असं त्याला पुन्हा म्हणू नकोस. एवढं पाळलंस तर लोभाचं पुढे बघू.

दादा

ता. क. चौकशीच्या आदल्या दिवशी तुझे मालक घरी आले होते. खेळपट्टी नियमाप्रमाणे होती एवढं सही करून द्या, आमच्या सगळ्या मैदानांचे प्रमुख व्हा, म्हणाले. मी त्यांच्यासमोरचा चहाचा कप उचलून आत नेला आणि दार उघडं धरलं. रक्कम त्यांनी उंबऱ्यावर सांगितली. तुझ्या त्या रिकाम्या जागेचीच. वीस लाख.