वाटणारा वाट्यात नसतो

चि. सोमनाथ यास नाशिकहून वडीलबंधूचे आशीर्वाद. तुझा गुडघा आणि नांदगावचा नळ, दोघेही सध्या समंजसपणे वागत असतील अशी आशा करतो.

माझ्या घरात दोन चुली झाल्या. हे दुःखाने नव्हे, अभिमानाने कळवीत आहे. तृप्ती आणि संजना या माझ्या सुना एकमेकींच्या फोडणीवर बोलू लागल्या, तेव्हा मुलांनी वाटणी माझ्यावर सोपवली. जन्मभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलेला मनुष्य घरात असता बाहेरचे पंच कशाला? प्रथम मी शब्दाचा अर्थ निश्चित केला. विभाजन हा शब्द ‘भज्’ धातूचा. भज् म्हणजे वाटून देणे. वाटून दिलेला हिस्सा तो ‘भक्त’, पुढे त्याचा अर्थ अन्न, आणि तोच झिजून आपला भात झाला. (मिक्सरमधल्या वाटणाशी याचा संबंध नाही, हे संजनाला दोनदा सांगावे लागले.) तात्पर्य, ज्याला वाटा त्याला भात.

मग आपल्या घरच्या रीतीप्रमाणे मी वाटे पाडले आणि धाकट्या संजनाने आपला आधी उचलला. कुकर वर तृप्तीकडे, परात खाली संजनाकडे. लोणच्याच्या बरणीपर्यंत काही शिल्लक राहिले नाही. तेवढ्यात तृप्तीने विचारले, “आणि नाना, तुम्ही कुणाकडं?” मी उत्तरलो, “वाटणारा वाट्यात धरला जात नाही.” सारे आपापली भांडी उचलून चालते झाले. अशी एकमुखी संमती मला वर्गातही कधी लाभली नव्हती.

संध्याकाळी वर गेलो, तर तृप्ती म्हणाली, “अगंबाई, मला वाटलं खाली जेवलात!” खाली संजनाने भांडी घासूनही ठेवली होती. दोघी वाढायला तत्काळ उठल्या, हे मान्य केले पाहिजे, पण तृप्ती हसत म्हणाली, “नियम चुकला एवढं म्हणा नाना, की बसा पानावर.” नियम निर्दोष असता तसे म्हणणार कसे? सबब सध्या केळी आणि भाजलेले शेंगदाणे यांवर आहे. प्रकृती हलकी वाटते. सिद्धांत अबाधित आहे.

तुझा वडीलबंधू,
पुंजा

ता. क. – ‘भज्’ धातू तुझ्या मुलांनाही समजावा, म्हणून शनिवारी येत आहे. सौ. छायाला भात थोडा जास्त टाकायला सांगावे. विषय सोदाहरण शिकवायचा आहे.

आणखी एक – तुमच्याकडे वाटणीची गोष्ट निघालीच, तर मी पोचेपर्यंत थांबा. नियम हाच ठेवू. वाटणारा मात्र तू हो.