नळीतली आंबील

आई, तू गेल्यावर तुला काही सांगायची सवय मोडली होती. सांगलीच्या दवाखान्यात पडल्या पडल्या ती परत लागली आहे, कारण इथे माझं कुणी ऐकूनच घेत नाही. निम्म्याहून जास्त पोट कापून काढलं. आता उजव्या कुशीतली नळी आतलं पाणी पिशवीत सोडते, डावीकडची थेट आतड्यात जाते आणि तिच्यातून डब्यातल्या पावडरीचं पातळ दूध घालतात. तोंडाने पाण्याचा थेंबसुद्धा नाही. पिशवीतलं पाणी निवळ येत होतं, परवापासून हिरवट येतंय. म्हणजे आतली शिवण कुठेतरी पाझरतेय. ती भरून येईपर्यंत पोटात जे जाईल ते डाव्या नळीतूनच. मी सारखा पिशवीकडे बघतो, मग दाराकडे, परत पिशवीकडे. बायको वैतागते. ती डबा माझ्यासमोर उघडत नाही, जिन्यात बसून जेवते, आणि मला त्याचाच जास्त राग येतो.

काल मलकापूरहून मावशी आली. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, हे तुम्हा दोघी बहिणींच्या अंगातच आहे. नाचणीची आंबील आणली होती, फडक्यातून दोनदा गाळलेली. "ह्ये पांडरं पानी घालून मानूस उटंल व्हय? तुजी आई असती तर कवाच दिली असती," म्हणाली. बायको औषधं आणायला खाली गेली होती. मला एकदम साताऱ्याचं आपलं स्वयंपाकघर दिसतं. मी तापातून उठलेला, तू वाटी तोंडाला लावतेस, मी मान फिरवतो आणि तू ओरडतेस, "गप गीळ, न्हाईतर ऱ्हा उपाशी!" आणि लगेच पदराने माझं तोंड पुसतेस.

आंबील नळीत गेली आणि तिथेच घट्ट बसली. सिस्टर कोमट पाणी हळूहळू आत-बाहेर करून थकल्या, नळी ढिम्म. कुपवाडला वर्कशॉपात पाइप तुंबला की मी हवेचा झोत मारून मोकळा करायचो. इथे पाइप माझ्याच आतड्यात शिरलेला. डॉक्टर म्हणाले, नळीची पोटातली वाट अजून कच्ची आहे, ही ओढून दुसरी घालता येत नाही. उद्यापर्यंत मोकळी झाली नाही तर परत ऑपरेशन. या अंगाला ते झेपेल का, हे त्यांनी बायकोला बाहेर नेऊन सांगितलं. आत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. मला भीती वाटते, आई. लय भीती वाटते.

"कुणी घातलं हे?" म्हणून डॉक्टर सगळ्यांवर डाफरले, तेव्हा मावशी रडत म्हणाली, "म्या घातलं, सायेब. माजीच मती फिरली." मी भिंतीकडे बघत राहिलो. घरी जाऊन तिनं अन्नाला हात लावलेला नाही, असं तिचा मुलगा फोनवर सांगतो.

हे धाडायला पत्ता नाही, दुसऱ्या कुणाला कळायचं नाही, तेव्हा तुलाच सांगून टाकतो. नळीत घरचं काही घालायचं नाही, हे सिस्टरने मला दोनदा बजावलं होतं. मावशीने पिचकारी भरली आणि विचारलं, "घालू का रं बाळा?" आवाज अगदी तुझा. नळीचं टोपण मीच काढून दिलं.