उतारावरची हवा

प्रिय केदार,

पत्र बघून दचकू नकोस. तुझा फोन लागत नाही, म्हणून हे केळव्याला जाऊन तुझ्या आईच्या हातात देणार आहे. फोन सगळ्यांसाठीच बंद आहे की फक्त माझ्यासाठी, तेही कळायला मार्ग नाही. हल्ली मला कशाचाही संशय येतो.

इकडे पामला सगळं ठीक. लावणी उरकली. आई तुझी आठवण काढते, मी विषय बदलते. आपला ट्रॅक्टर मात्र अजून चालतो. बसल्या जागेवरून चाकांतली हवा कमी-जास्त करायची ती आपली खटपट! चिखलात हवा उतरवली की टायर पसरतं, रुतत नाही. रस्त्याला लागलं की पुन्हा भरायची. ट्रकच्या भंगारातला कॉम्प्रेसर तू बोईसरहून स्कूटरवर आणला होतास. फिरत्या चाकात हवा पोहोचवणारा जोड किती वेळा गळला! तुझे हात ग्रीसनं माखलेले, म्हणून आईनं तुला तांदळाची भाकरी भरवली होती. त्या जोडाला तू आणि मी 'भोवरा' म्हणायचो. फक्त आपण दोघं. बाकीचे त्याला अजून जोडच म्हणतात.

तू पुण्याला गेलास, त्यानंतरची एक गोष्ट तुला ठाऊक नाही. तू विचारलं नाहीस, मीही कळवलं नाही. आपला ड्रायव्हर भिका ट्रॅक्टर घेऊन मनोरकडे नांगरणीला गेला होता. उताराचं शेत. ट्रॅक्टर एका अंगाला कलला, भार खालच्या चाकावर आला आणि त्यातली हवा दोन्ही चाकांना जोडणाऱ्या आपल्या एकाच नळीतून वरच्या चाकात गेली. खालचं चाक आणखी बसलं, ट्रॅक्टर आणखी कलला आणि उलटला. भिकानं उडी टाकली म्हणून वाचला, पण पाय मोडला. अजून लंगडतो. दवाखान्यात मलाच समजावत होता, "ताई, तुमी रडू नका. पानी खाली पळतं, ही हवा वर पळाली. कोनाला काय ठाव?" त्यानंतर मी दोन्ही चाकांच्या नळ्या तोडून वेगळ्या केल्या. प्रत्येक चाकापाशी व्हॉल्व्ह बसवला. भरणं थांबलं की तो आपोआप बंद होतो. आता एका चाकाची हवा दुसऱ्यात जात नाही.

मागच्या आठवड्यात एक गृहस्थ आले. नाव नरहरी. शेतकऱ्यांच्या कल्पक यंत्रांवर लिहितो म्हणाले. आईनं चहा दिला आणि आत येऊन मला म्हणाली, "भाताच्या दिवसांत आला नि भाताचं एक अक्षर विचारलं नाय. हा लिहिणारा नाय." मलाही तसंच वाटत होतं. त्यांना कॉम्प्रेसर बघायचा नव्हता, नळ्या बघायच्या नव्हत्या. थेट चाकाशी वाकले आणि म्हणाले, "तुमचा तो भोवरा गळत कसा नाही?"

केदार, तो शब्द आपल्या दोघांचाच. मी जोडावर गोणपाट टाकलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, की तुमचा गळतो वाटतं? गडी फुशारकीत फसला. म्हणाला, "थोडा गळतो. पण बाकी उत्तम. जव्हारकडे चार ट्रॅक्टरांना बसवूनही दिलंय." मी विचारलं, नळी एकच? "एकच! दोन्ही चाकांत हवा सारखी, तीच तर खुबी."

मी भिकाला हाक मारून त्याचा पाय त्यांना दाखवला. सगळं सांगितलं. ते हसले. "ताई, मी बनवू नये म्हणून घाबरवताय ना? समजतं मला." आणि गाडीत बसून गेले. मी त्यांच्यावर संशय घेतला, त्यांनी माझ्यावर. भिका म्हणाला, "त्याला कोन सांगंल आता?"

तू आपली युक्ती विकलीस, की कुठं चहा पिताना सहज बोलून गेलास, या विचारानं आठवडाभर माझा जीव खाल्लाय. रागाचं पत्र लिहायला बसले होते, ते फाडलं. कारण जव्हारकडे सपाट शेत किती, हे तुलाही माहीत आहे. तिथं चार माणसं त्या ट्रॅक्टरांवर रोज बसताहेत, आणि नरहरी माझं ऐकणार नाही. तुझं ऐकेल. नळ्या वेगळ्या कशा करायच्या, व्हॉल्व्ह कुठं बसवायचा, ते मागच्या पानावर काढून दिलंय. कुणाचं नाव घालायचं ते घाल, मला त्यात काही नको. खुलासाही आत्ता नको. पत्र मिळेल त्या पावली जव्हारला जा, ते ट्रॅक्टर थांबव. मग पामला ये. आई जेवल्याशिवाय सोडणार नाही, आणि मी विचारल्याशिवाय.

तुझी
मेघाली

('तुझीच' लिहिलं होतं. 'च' खोडलाय. पुढचं तू आल्यावर बघू.)