टेपमधली हाळी

अण्णा, तुमचा आवाज गेला. तुम्ही जाऊन लई वर्षं झाली, पण आवाज होता आमच्याकडं. तोही मागच्या महिन्यात गेला, आणि हे तुम्हाला सोडून कुणाला सांगावं ते मला कळत नाही. तुमची ही लेक चौथीपुढं शिकली नाही, लिहिताना बोटं आखडतात, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका.

तामलवाडीला तुम्ही विहीर खणत होता तेव्हा धाकट्या मामांनी त्यांच्या टेपमध्ये तुमची हाळी भरून घेतली होती. सुरुंगाला बत्ती द्यायच्या आधीची हाळी, मग दणका, मग खोकत खोकत "बंद कर रं ते" म्हणलेलं. कॅसेटला बुरशी धरली होती. माझ्या लेकीनं ती धाराशिवच्या एका दुकानात नेली. दुकानदार म्हणाला, वाजली तर एकदाच वाजंल. एकदा वाजली आणि फीत तुटली, पण तेवढ्यात आवाज तिच्या कॉम्प्युटरात उतरला होता. तुम्ही हिला बघितलं नाही. पुण्याच्या कंपनीचं काम करते, सध्या घरी बसूनच. घरातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे आवाज तिनं डेटाबेसात लावून ठेवले होते. म्हणजे कॉम्प्युटरातलं फडताळच समजा, कोण बोलतंय, कुठं बोलतंय, असं लिहून.

तिच्याकडं एक एजंट आहे. माणूस नाही, सांगितलेलं काम आपणहून करणारं कॉम्प्युटरातलंच काहीतरी. त्याला ती अवजारं देते आणि प्रत्येक अवजाराखाली ते काय करतं ते लिहून ठेवते. ते वाचूनच तो ठरवतो कुठलं उचलायचं. त्या दिवशी तिनं त्याला सांगितलं, तपासणीसाठी टाकलेले खोटे आवाज तेवढे काढून टाक. एका अवजाराखाली तिनं नुसतं लिहिलं होतं, "नोंदी काढतं." त्यानं तेच चालवलं. ते अख्खं फडताळ रिकामं करणारं होतं. जपून ठेवलेली नक्कलही त्यातच होती. सगळं गेल्यावर तो म्हणतो, काम झालं.

पोरगी पडद्याकडं बघत बसली होती. मला कुठला धीर निघतोय. मी म्हणलं, मेल्यानं विचारलं का न्हाय?

"आधी विचार, असं मी लिहिलंच नव्हतं, आई. सगळं जातं, हेही नव्हतं लिहिलं."

"का?"

"मला माहीत होतं ना. म्हणून."

अण्णा, तेव्हा ती विहीर डोळ्यापुढं आली. मी तुमची भाकरी घेऊन आलेय आणि दगडांच्या ढिगामागं बसून चिंचा खातेय. खालून तुमची हाळी येते, सुरुंग लागतोय, दगड बाभळीपर्यंत येणार, बांधाच्या पलीकडं जावा. मी तिथूनच व्हय म्हणून ओरडते आणि जागची हलत नाही. तुम्ही काडी न ओढता दोर धरून वर येता, माझ्या दंडाला धरून उठवता. "व्हय म्हणू नगं. काय ऐकलंस ते सांग." मी रडत रडत सांगते, दगड कुठवर येणार, मी कुठं जाणार. गडी हसायला लागले. एक म्हणाला, मिस्त्री, सकाळपासून तेच सांगताय, आमी काय बहिरे हाव का. तुम्ही त्याच्याकडूनही वदवून घेतलं. तो म्हणाला, दगड येणार आन् माझं टकुरं फुटणार, झालं का समाधान? तो बांध ओलांडून गेला तेव्हाच तुम्ही परत खाली उतरलात.

हे मी पोरीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं त्या अवजाराखाली नवीन लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. हे चालवलं की सगळे आवाज जातात, नुसते तपासणीचेच नव्हे. गेलेले परत आणता येत नाहीत. थोडेच काढायचे असतील तर हे घेऊ नको, दुसरं आहे ते घे. आधी काय काय जाणार ते माणसाला सांग, आणि तो हो म्हणेपर्यंत थांब. आता बरोबर आहे का, म्हणाली. मी म्हणलं, बरोबर हाय, पण उशिरा हाय. माझं तोंड असलंच फाटकं. ती मोरीत गेली, नळ सोडला, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

जेवताना तिनं विचारलं, अण्णा कसे बोलायचे गं, आता तुझ्याकडूनच कळायचं. मी म्हणलं, रडतीस कशाला, त्यांचा आवाज माझ्या कानात हाय की, तसाच्या तसा. ती जरा हलकी झाली, अर्धी भाकरी जास्त खाल्ली.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, तिला तर नाहीच. कारण ते खरं नाही, अण्णा. शब्द सगळे आठवतात, पण ते मला माझ्याच आवाजात ऐकू येतात.